आमच्या घरातला लिनक्स आणि छापखान्याचे टेबल

ज्या घराचा कामधंदा मराठी मजकूर जुळवण्याचा आहे, त्या घराला विंडोज सोडून लिनक्सवर आपले रोजचे काम चालवता येईल काय, हा प्रश्न मी एकेकाळी स्वतःला विचारला होता. तो हौसेने विचारलेला नव्हता. माझी पत्नी घरी बसून संगणकावर मजकूर जुळवत असे, आणि तिचे ते काम राहील की जाईल हे या उत्तरावर अवलंबून होते. उत्तर मिळायला काही वर्षे लागली. ते मी क्रमाने मांडतो. मांडताना कोठे उत्साह डोकावला तर तो त्या वेळचा समजावा. आज माझ्याजवळ तो शिल्लक नाही.

मी माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे आमचे लहान घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीशी पत्नीचे टेबल होते. विद्यापीठातले प्रबंध, महाविद्यालयांच्या स्मरणिका, क्वचित एखादी लग्नपत्रिका, असे काम तिच्याकडे येई. संशोधक मंडळी हस्तलिखिताची पिशवी घेऊन येत, चहा घेत आणि आपल्या मार्गदर्शकाच्या तक्रारी सांगत. ती ऐकत ऐकत टंकत असे. तिच्या पानावर चूक सापडणे अवघड होते. मी स्वतः तपासायला बसत असे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

आजच्या वाचकासाठी येथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. त्या काळी संगणकावर मराठी लिहायचे तर फॉन्टचा प्रोग्राम विकत घ्यावा लागे. त्या फॉन्टात ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसेच. ते कोणते तरी इंग्रजी अक्षर असे आणि त्यावर ‘क’चे चित्र चढवलेले असे. तो फॉन्ट जेथे असेल तेथे मराठी दिसे. नसेल तेथे अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसे. प्रोग्रामबरोबर बोटाएवढे एक कुलूप मिळे. संगणकाच्या पाठीमागे प्रिंटर जोडण्याची जी रुंद जागा असे, तिच्यात ते खोचून ठेवायचे. ते नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. पत्नीने हा प्रोग्राम आपल्या कमाईतून, रीतसर पावती घेऊन आणला होता. शहरात तो सर्वांकडे होता. रीतसर आणलेला मात्र फार थोड्यांकडे होता.

ती दुष्काळाची वर्षे होती. हर्सूलच्या तलावात पाण्याऐवजी क्रिकेटचे डाव मांडलेले आम्ही पाहिले. आणि त्याच वर्षांत शहर फुगत चालले होते. गावे रिकामी करून माणसे येत होती. आमच्या मागच्या मोकळ्या रानात प्लॉट पडले, प्लॉटांवर घरे उठली आणि घरांना नळाच्या आधी वीज मिळाली. नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा येई. ते आले की गल्लीतले प्रत्येक घर मोटर थेट नळाला जोडी. सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दिवे पिवळे पडत, पंखे मंदावत आणि मग कोठेतरी फ्यूज उडून विजेचा मोठा झटका येई. म्हणून पाण्याच्या दिवशी पत्नी संगणक चालूच करत नसे. हा आमच्या घरचा नियम होता.

एकदा पाणी पाळी नसताना आले. शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून ओरडल्या, “ओ काकू, पाणी आलंय! मोटर लावा, नायतर सगळं तिकडचेच ओढून घेतील!” गल्लीला आनंद झाला. पत्नी टेबलावरून उठून हौदाकडे धावली आणि ती परत येईपर्यंत संगणक बंद पडलेला होता. त्यातून जळका वास येत होता.

सिडकोतल्या दुकानदाराने तो उघडून पाहिला. “सर, बोर्ड गेला. ह्यो आता बाजारात मिळत नाय.” वाळूजच्या कारखान्यांनी काढून टाकलेले वापरलेले संगणक तो विकत असे. त्यातला एक आम्ही घेतला. चांगला होता. परंतु त्याच्या पाठीमागे ती रुंद जागाच नव्हती. कुलूप खोचणार कोठे? आणि ज्या दुकानातून प्रोग्राम घेतला होता, तेथे आता मोबाइलची कव्हरे लटकत होती.

दुकानदाराला ही अडचण वाटलीच नाही. “काकू, टेन्शन कशाला घेता? विंडोज टाकून देतो. तुमच्या फॉन्टचं कुलूप तोडलेलंबी हाय माझ्याकडं.”

“तोडलेलं म्हणजे?” पत्नीने विचारले.

“म्हंजे कुलूप लागतच नाय. सगळं शहर त्याच्यावर चालतंय.”

“म्हणजे चोरीचं.”

“चोरीचं कसं? चोरीत वस्तू जाती. इथं कुणाचं काय गेलं? कापी हाय ती.”

“मी विकत घेतलेलं होतं.”

“व्हय, ते तुम्हीच घेतलं असंल,” तो हसून म्हणाला. “बाकी कुणी घेतलेलं मला तरी म्हाईत नाय.”

त्याच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता.  पण परतताना रिक्षात पत्नी म्हणाली, “अहो, दुसरं काही असेल तर बघा ना. इतकी वर्षं आपलं म्हणून वापरलं. आता त्याची चोरटी कॉपी घेऊन बसायला मला नाही जमणार.” हे तिने सांगितले, मी नव्हे, याची येथे नोंद व्हावी.

म्हणून मी लिनक्सकडे वळलो. संगणक सुरू करून त्यावर बाकीचे प्रोग्राम चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, ती विंडोजऐवजी लिनक्सचीही असू शकते. ती उतरवून घ्यायला, वापरायला आणि दुसऱ्याला द्यायला उघड परवानगी आहे. आमच्या अडचणीला याहून नेमके उत्तर मला सुचेना. मी ती पेनड्राइव्हवर घेतली. संगणकातले काहीही न पुसता त्यावरूनच तो सुरू केला आणि एक एक गोष्ट तपासली. छपाईयंत्र ओळखले जाते काय? जुनी चित्रे उघडतात काय? नव्या विंडोजखाली ज्या जातीचे संगणक दुकानात धापा टाकत, त्यातला हा येथे शांतपणे चालू लागला. मग मी ती कायमची बसवली.

पत्नीला मी रोज संध्याकाळी एक धडा देत असे. पहिला धडा फाईल जपून ठेवण्याचा, दुसरा पानाच्या समासाचा, असा क्रम आखला होता. युनिकोडचा धडा मला अजून आठवतो. मी तिला सांगितले की या नव्या पद्धतीत ‘क’ म्हणजे संगणकालाही ‘क’च कळतो, कोणत्याही फॉन्टात, कोणत्याही देशात. वर्गात उदाहरण जमून आले की वाटते तसे समाधान मला वाटत होते.

ती पडद्याकडे पाहत राहिली. “म्हणजे आजपर्यंत मी काय लिहीत होते?”

 मी पुढच्या धड्याकडे वळलो.

तिची बोटे टंकलेखनयंत्राच्या जुन्या मांडणीवर तयार झालेली होती. तशी मांडणी लिनक्समध्ये मिळाली, मात्र काही कळा इकडच्या तिकडे होत्या. “तुमच्या या लिनक्सनं माझी बोटं पुन्हा पहिलीत बसवली,” असे ती चिडून म्हणे आणि पुन्हा टंकू लागे. पावसाळा म्हणून जे महिने आले आणि कोरडे गेले, तेवढ्या काळात तिचा पूर्वीचा वेग परत आला. शहागंजात ज्यांच्याकडे आमचे सर्व काम छापले जाई, त्या छापखान्याच्या मालकांना आम्ही नमुन्याचे एक पान पीडीएफ करून, म्हणजे छापायला जसेच्या तसे बंद करून, नेऊन दाखवले. ते छापून निघाले. चाचांनी (आम्ही त्यांना चाचाच म्हणत असू) पान उजेडाकडे धरले. “वा भाभी! क्या साफ अक्षर है. हे तर पहिल्यापेक्षा चांगलं आलं.” मी परीक्षण पूर्ण झाले असे मानले. त्यात काही उणे राहिले आहे असे आम्हा तिघांपैकी कोणालाही वाटले नाही.

त्यानंतर एका प्राध्यापिकेचा प्रबंध आला. त्या जालन्याकडच्या एका महाविद्यालयात शिकवत. बैलबाजारात व्यापारी जी भाषा बोलतात, ती त्यांचा विषय. वैरण नसल्यामुळे जो तो बैल विकायला काढत होता, आणि घेणारे कोणी नव्हते. “मी रेकॉर्डर पुढं केला,” त्या सांगत, “तर एक म्हातारबा म्हणतात, बाई, बोलणं काय घेऊन चालली? बैल घेऊन जा.” त्या सांगताना हसत आणि मग हसू आवरते घेत. पत्नीने तो प्रबंध मनापासून जुळवला. दाव्याच्या, शिंगांच्या, दातांच्या, सौद्याच्या शब्दांची ती पाने मी तपासली आणि त्यांत मला दोष काढता आला नाही.

आता आमच्या शहरातली एक रीत सांगतो, कारण सगळे तिच्यावर फिरले. प्रबंध सादर करण्याच्या दिवशी मार्गदर्शक शेवटच्या दुरुस्त्या सांगतात. त्या दुरुस्त्या छापखान्यातच होतात. संशोधक छापखान्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतो, मार्गदर्शक फोनवर असतात, आणि तेथला ऑपरेटर तयार पानात शब्द बदलून ते पान लगेच छापायला सोडतो. जुळवणारा घरी असतो. त्याचे काम आदल्या दिवशीच संपलेले असते. सर्वांची तीच रीत होती, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नसे.

त्या दिवशी आम्ही दोघेही छापखान्यात होतो. पाने छापायला लागली आणि मार्गदर्शकांचा फोन आला. एका प्रकरणाचे शीर्षक बदलायचे होते, आणि काही ठिकाणी ‘व्यापारी’ऐवजी ‘हेडे’ असा बाजारातलाच शब्द घालायचा होता. ऑपरेटरने आमच्या पीडीएफचे पान उघडले, एका शब्दावर टिचकी मारली, पुन्हा मारली.

“चाचा, ये तो हाथ ही नहीं लगाने दे रहा.”

चाचा चष्मा सावरत वाकले. “भाभी, हे तर फोटो झालं. फोटो में कैसे बदलूँ?”

मी मूळ फाईल दिली. तिच्यात मराठी होते, खरेखुरे मराठी. पण छापखान्यातल्या जुन्या प्रोग्रामला ते ओळखता येईना. पडद्यावर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे उमटली. प्राध्यापिकाबाईंनी ती पाहिली आणि त्यांचा हात तोंडाकडे गेला. “सर, माझा प्रबंध...?”

“प्रबंध सुरक्षित आहे,” मी म्हणालो. हे तंतोतंत खरे होते आणि त्याचा कोणालाही उपयोग नव्हता.

पत्नी रिक्षाने घरी गेली, दुरुस्त्या करून परत आली. तोवर मार्गदर्शकांना आणखी काही सुचले होते. ती पुन्हा गेली. जालना रोडवर पुलाचे काम चालू होते आणि वाहने जागच्या जागी उभी होती. विद्यापीठाची कचेरी बंद व्हायची वेळ जवळ आली, तेव्हा चाचांनी निर्णय घेतला. दुरुस्तीची पाने ऑपरेटरने जुन्या फॉन्टात नव्याने टंकली. ती पाने घाईची होती. अक्षर वेगळे, ओळीतले अंतर वेगळे. पत्नी परत आली तेव्हा बांधणी चालू होती. तिने प्रबंध चाळला. एकाच प्रकरणात दोन तऱ्हेची अक्षरे होती आणि नव्या पानांत चुका होत्या. त्या तिला उभ्या उभ्याच दिसल्या.

“हे माझं काम नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही हो मॅडम, तुमचं काहीच चुकलं नाही,” प्राध्यापिकाबाई म्हणाल्या आणि गठ्ठा उचलून धावल्या. प्रबंध वेळेत पोचला. परंतु पुढे त्यांच्या महाविद्यालयातून आमच्याकडे दुसरा प्रबंध आला नाही.

चाचांनी नंतर स्पष्टच सांगितले. “भाभी, तुमच्यासारखं कंपोज पूरे शहर में कोई नहीं करता. मगर मला फाईल अशी पायजे की माझा आदमी उसको हात लावू शकेल. मेरी भी मजबूरी समझो.”

मी हार मानली नाही. युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टात बदलणारे साधन मी शोधले; ते जोडाक्षरे फोडत असे. लिनक्सच्या आत विंडोजचे प्रोग्राम चालवण्याची एक युक्ती आहे, तीही केली. पत्नीचा जुना फॉन्टचा प्रोग्राम सुरू झाला आणि त्याने पहिल्याच क्षणी कुलूप मागितले. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन मी चाचांकडेच गेलो आणि त्यांचा संगणक लिनक्सवर चालवून दाखवला. त्यांनी चहा मागवला आणि सगळे शेवटपर्यंत पाहिले.

“सर, सुंदर चालतंय. झूठ नहीं बोलूँगा.” मग त्यांनी मागच्या लोखंडी कपाटाकडे बोट केले. ते सीड्यांनी भरलेले होते. “पर हे बघा. दरसाल तेच कॅलेंडर, तीच पत्रिका, वही पावती पुस्तक. तारीख बदलतो, छापतो. सब पुराने फॉन्ट में है. हे सगळं मी कशात खोलू?”

 त्या कपाटात त्यांचा सारा धंदा होता. मी त्यांना जो मार्ग दाखवत होतो तो बरोबर होता, आणि त्यावर पाऊल टाकले असते तर त्यांचा धंदा बसला असता.

आमचा तर बसलाच. तो एका दिवसात गेला नाही. संशोधक येत, विचारत, “मॅडम, फाईल छापखान्यात उघडेल ना?” पत्नी खरे ते सांगे. ते चहा घेऊन, विचार करून सांगतो म्हणून जात. पुढे पुढे ते येईनासे झाले. ती खिडकीशी बसून जुन्या प्रबंधांची पाने उगाच नव्या पद्धतीत टंकत असे. कोणासाठी, असे मी विचारले नाही.

एके दिवशी मीच म्हणालो, “त्या दुकानदाराकडून टाकून घेऊ या का? तुला वाटत असेल तर मी अडवणार नाही.”

तिने टंकणे थांबवले. “पहिल्याच दिवशी तुम्ही असं म्हणाला असतात, तर मी काय केलं असतं कोण जाणे. पण आता? आता ते टाकलं तर एवढं सगळं कशासाठी सोसलं?” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “तुमच्या शाळेत मुलं विचारत नाहीत का हो, बरोबर उत्तर लिहिलं तरी मार्क का नाहीत म्हणून?”

मुले विचारत असत. त्यांना मी पुनर्तपासणीचा अर्ज कसा करायचा ते सांगत असे.

मग तिने वाळूजच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खोलीत संगणकावर नोंदी करण्याचे काम धरले. सकाळी कोपऱ्यावर कारखान्याची बस येई आणि अंधार पडता परत सोडी. तेथे यंत्रांच्या सुट्या भागांची नावे इंग्रजीत टंकायची असत. संगणकांवर विंडोज होते, कारखान्याने रीतसर घेतलेले. “बरं आहे तिथं,” ती म्हणे. “बिघडलं तर कुणीतरी येऊन बघतं. आपल्याला काही कळावं लागत नाही.” हे ऐकून सुटकेचा श्वास घ्यावा की काय करावे, मला समजत नसे. सुटीच्या दिवशी मी तिला एकदा चार ओळी टंकून मागितल्या. ती टेबलाशी बसली, बोटे कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. “र कुठं होता हो?” असे तिने विचारले. मी बोटाने ती कळ दाखवली.

आता मी निवृत्त आहे. शहराचे नावही बदलले. अलीकडे छापखान्यांतून युनिकोड येऊ लागले आहे. फोनवर तर लहान मूलही त्यातच लिहिते. मी उत्साहाने ही बातमी तिला सांगितली, तेव्हा ती डबा घासत होती. “असू दे,” एवढेच म्हणाली. आपण जे आधी ओळखले ते खरे ठरले, यात मला पूर्वी समाधान वाटले असते. ज्याच्यासाठी ते ओळखायचे होते, ते काम तर गेले, आणि ते करणारीला ते परत नको आहे.

तेव्हा माझे उत्तर असे. लिनक्स चालतो. तो आमच्या घरात एवढी वर्षे चालला, आजही चालतो आहे, आणि यंत्राच्या बाजूने त्याच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण घराचे काम घरातल्या घरात पुरे होत नाही. ते जेथे जाऊन पुरे होते, तेथली माणसे जे वापरतात, तेच शेवटी आपल्यालाही वापरावे लागते. नाही वापरले तर काम त्यांच्याकडे राहते आणि आपण बाहेर. यावर प्रामाणिकपणाने, अभ्यासाने किंवा चिकाटीने तोड निघेल असे मला वाटत होते. निघाली नाही. निदान आमच्या बाबतीत, या शहरात, त्या वर्षांत निघाली नाही.

हे उत्तर मी एका घरावरून काढले आहे, आणि एका उदाहरणावरून नियम काढू नये असे मी आयुष्यभर शिकवले. म्हणून वाचकांना माझी साधी विनंती आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या, आपल्या संगणकातले काही न पुसता त्यावरून तो सुरू करा, आणि आपल्या रोजच्या कामातले एक पान त्यावर तयार करा. मग ते पान तुमचे काम जेथे जाते तेथे घेऊन जा. तेथल्या माणसाला ते नुसते छापायला सांगू नका, त्यातला एक शब्द बदलायला सांगा, आणि काय होते ते स्वतः पाहा. माझ्या सांगण्यावर विसंबू नका.